तारेवरची द्राक्षवेल हिरवीगार, पण घड लागत नाहीत : कारण कुठे शोधायचे?

"वेल लई वाढली, पार गच्चीवर गेली, पण घड म्हणून एक लागंना." लातूर, धाराशिव, जालना, परभणी, कुठेही जा. घरामागे तार बांधून द्राक्ष लावलेल्या घरांतून दिवाळीनंतर ही तक्रार येते, आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न येतो : "आता कोणतं खत टाकू?"

माझे उत्तर आधीच सांगतो. दिवाळीनंतर खत टाकून त्या हंगामाचा घड आणता येत नाही. ज्याच्याकडे आपण आस लावून बसतो तो घड आपल्याला कार्तिकात दिसतो, पण तो ठरलेला असतो वैशाखात, भर उन्हाळ्यात, आपण वेलीकडे ढुंकूनही बघत नाही तेव्हा. म्हणून दोष शोधायचा तो चैत्र ते ज्येष्ठ या काळातल्या कामांत. ही गोष्ट पटली की पुढचे बरेचसे आपोआप उलगडते.

घड ठरतो कसा

थंड देशांत द्राक्षवेलीची पाने झडतात, ती हिवाळाभर झोपते आणि वर्षातून एकदाच छाटली जाते. आपल्याकडे वेल अशी झोपत नाही. चौदाव्या शतकात आलेल्या इब्न बतूता या प्रवाशाने दौलताबादच्या परिसरात द्राक्षे आणि डाळिंबे वर्षातून दोनदा येतात अशी नोंद केली आहे, ती याच कारणाने. इथली वेल जेव्हा छाटाल तेव्हा फुटते. म्हणून महाराष्ट्रातल्या बागायतदाराने दोन छाटण्या आणि एक पीक ही पद्धत बसवली. उन्हाळ्यात खरड छाटणी, तिच्यातून नव्या काड्या. ऑक्टोबरात फळ छाटणी, त्या काड्यांमधून घड.

खरड छाटणीनंतर नवी फूट वाढत असते, तेव्हा तिच्या प्रत्येक पानाच्या बगलेत एक डोळा, म्हणजे पुढच्या फुटीचा कोंब, तयार होतो. त्या डोळ्याच्या आत सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांचे पुढे काय व्हायचे हे सुरुवातीला ठरलेले नसते. त्यातून घड होऊ शकतो, किंवा आधाराला गुंडाळणारी बाळी होऊ शकते. घड आणि बाळी मुळात एकाच अवयवाची दोन रूपे आहेत. छाटणीनंतर साधारण ४० ते ६० दिवसांत हा निवाडा होतो. त्या काळात डोळ्यावर आणि त्याच्या पानावर स्वच्छ ऊन पडले, पाणी बेताचे राहिले, नत्र कमी असले, तर घड. सावली, ढग, रोजचे भरपूर पाणी, शेण-युरियाचा मारा असेल तर वेल झपाट्याने लांबते आणि आत बाळ्या बनतात. म्हणजे जी वेल बघून शेजारी कौतुक करतात, हातभर लांब पेऱ्यांची, गडद हिरवी, तीच बहुधा वांझ राहते.

आधी एक गोष्ट तपासा : ही वेल द्राक्षाचीच आहे ना?

आपल्याकडच्या रोपवाटिकांतली बरीच रोपे डॉगरिज नावाच्या खुंटावर, म्हणजे फक्त मुळांसाठी वापरलेल्या दुसऱ्या जातीच्या वेलीवर, कलम केलेली असतात. हा खुंट खारे पाणी आणि पाण्याचा ताण चांगला सोसतो, म्हणून मराठवाड्याला तो योग्यच आहे. पण घरी लावलेल्या रोपाचे कलम उन्हाने किंवा बकरीने मेले की खालून खुंट जोरात फुटतो आणि घरचे लोक खुश होतात, "वेल वाचली!" ती वेल वाढत राहते, पण ती खाण्याच्या द्राक्षाची नसते. बुडाशी बसून बघा. कलमाच्या सांध्याच्या खालून फूट आली आहे का? पाने गोलसर, कमी खाचांची आणि कोवळा शेंडा पांढरट लवदार आहे का? तसे असेल तर कितीही वर्षे सांभाळली तरी उपयोग नाही. त्याच खुंटावर पावसाळ्याच्या अखेरीस जाणकाराकडून नवे कलम भरून घ्या. मुळे तयार असल्याने वेल लवकर उभी राहते. कलमाखालून येणारी फूट मात्र आयुष्यभर, दिसेल तेव्हा, हाताने खुडत राहायची.

वेल लावून दोन वर्षेही झाली नसतील तर तक्रार करू नका. तिला आधी खोड आणि ओलांडे, म्हणजे तारेवरचे आडवे फाटे, बनवू द्या.

सर्वांत मोठे कारण : सावली

घरी द्राक्ष लावताना लोकांच्या मनात दोन इच्छा असतात. खाली बसायला गार सावली हवी आणि वर घडही हवेत. मांडवावर पानांचा जाड थर झाला की सावली छान पडते, पण त्या थराच्या आतले डोळे अंधारात राहतात आणि त्यांच्यात घड बनत नाही. दुपारी बाराला मांडवाखाली उभे राहा. जमिनीवर उन्हाचे कवडसे भरपूर पडलेले दिसले पाहिजेत. नुसती एकसलग काळी सावली असेल तर दोष तिथेच आहे. भिंतीच्या पूर्वेला किंवा आंब्याच्या खाली लावलेली वेल असेल तर छाटणीने फार फरक पडणार नाही. तिला उन्हाची जागाच द्यावी लागेल.

म्हणून घरच्या बागेत मी मांडवापेक्षा तारेची सरळ ओळ सुचवतो. शक्य असेल तर ओळ दक्षिणोत्तर ठेवा, म्हणजे सकाळचे ऊन एका बाजूला आणि दुपारनंतरचे दुसऱ्या बाजूला मिळते. दर ८ ते १० फुटांवर लोखंडी अँगल किंवा सिमेंटचा खांब, टोकाच्या खांबांना बाहेरून ताण, आणि जमिनीपासून साडेचार फुटांवर १० किंवा १२ गेजची जीआय तार. ही ओलांड्याची तार. तिच्या वर खांबाला इंग्रजी वाय अक्षरासारखे दोन हात वेल्डिंग करून घ्या आणि दोन्ही हातांवरून एकेक तार न्या. नव्या काड्या या दोन तारांवर डावी-उजवीकडे पसरतात आणि मधून ऊन आत जाते. वेलींमध्ये ५ ते ६ फूट अंतर पुरे.

रोपाची एकच जोमदार फूट बांबूला बांधत सरळ वर न्या, बाकीच्या काढा. ती तारेच्या वर गेली की तारेच्या चार बोटे खाली शेंडा मारा. बगलेतून फुटी येतील, त्यातली एक डावीकडे, एक उजवीकडे तारेवर बांधा. हेच ओलांडे. इथे घाई नडते. ओलांडा एका दमात पाच फूट पळू दिला तर त्याच्या टोकाला काड्या येतात आणि मधला भाग कायमचा बोडका राहतो. सात-आठ पाने झाली की शेंडा खुडायचा, बगलफुटी येऊ द्यायच्या, टोकाची फूट पुढे न्यायची, पुन्हा थांबवायची. असे थांबत थांबत गेले की ओलांडाभर काड्या मिळतात. बांधायला सुतळी वापरा, आठच्या आकड्यासारखी सैल गाठ द्या. ओलांडा तारेभोवती गुंडाळू नका. तो जाड झाला की तार त्याच्यात रुतते आणि पुढचा भाग कमजोर होतो.

खरड छाटणी : केलीच नाही, की उशिरा केली?

बहुतेक घरांत ही छाटणी होतच नाही. चैत्रात वेल हिरवी असते, तिच्यावर कात्री चालवायला मन धजत नाही. पण जुनी काडी एकदा फळून गेली की तिच्याकडून पुन्हा भरवशाची अपेक्षा नाही, नवी काडी हवीच. द्राक्षे काढल्यावर वेलीला हलके कुजलेले खत आणि पाणी देऊन दोन-तीन आठवडे विसावा द्या. मग प्रत्येक काडी ओलांड्यापाशी एक डोळा राखून कापा. वेल अगदी बोडकी दिसेल. दिसू द्या.

तारीख फार महत्त्वाची आहे. पाडवा ते हनुमान जयंती हा आपल्याकडचा चांगला काळ. त्यावर पन्नास दिवस मोजा. घड ठरण्याचा काळ वैशाख-ज्येष्ठातल्या कडक उन्हात येतो, मृगाचे ढग जमायच्या आत. हीच छाटणी मेच्या मध्यावर केली, "सुट्टीत मुलगा आला की करू" म्हणून, तर तो काळ जून-जुलैच्या ढगाळ दिवसांत जातो. काम सगळे नीट, फक्त महिनाभर उशीर, आणि वेल वांझ. असे मी अनेक घरांत बघितले आहे.

छाटल्यावर उघडे पडलेले ओलांडे ४० अंशांच्या वर तापतात, साल भाजते आणि फूट मागेपुढे होते. वरच्या बाजूला चुन्याची पातळ निवळी लावा किंवा ओले गोणपाट टाका आणि संध्याकाळी ओलांड्यांवर पाणी शिंपडा.

फुटी बोटभर झाल्या की विरळणी करा. ओलांड्याच्या दर फुटाला तीन-चार काड्या ठेवा, बाकी सगळ्या काढा. हे काम लोकांना सर्वांत जिवावर येते, पण मराठवाड्यातल्या घरगुती वेलींवरचे निम्मे संकट या एका सकाळच्या कामाने टळते. मग राखलेली फूट सात-आठ पानांची झाली की सातव्या पानावर शेंडा मारा. वरच्या बगलेतून नवी फूट येईल, ती राखा, खालच्या बगलफुटी काढा. याला बागायतदार सबकेन म्हणतात. वाढीला थोडी खीळ बसते, काडीवर जिथे शेंडा मारला तिथे गाठ तयार होते आणि त्या गाठीच्या आसपासचे डोळे फळाला चांगले निघतात. पुढची पाच पाने आली की पुन्हा शेंडा मारा.

पाण्याचे सांगायचे तर, छाटणीपासून फूट चांगली वर येईपर्यंत हात आखडू नका. साधारण चाळीस दिवसांनंतर मात्र पाणी निम्म्यावर आणा. पाने दुपारी किंचित मलूल होऊन संध्याकाळी पुन्हा ताठ झाली तर ठीक आहे, दुपारी सुकून सकाळीही तशीच राहिली तर ताण जास्त झाला. टँकरच्या दिवसांत हे आपल्या सोयीचेच आहे. बुडाशी उसाचे पाचट किंवा सोयाबीनचे भुसकट चार बोटे जाड अंथरले तर कमी पाण्यात भागते. या काळात शेणखत, शेणाची स्लरी, युरिया, स्वयंपाकघरातले खत काहीही नको. चुलीची राखही नको. पालाश मिळतो म्हणून लोक ती टाकतात, पण आपली काळी जमीन आधीच विम्लधर्मी आहे, राखेने ती आणखी तशी होते आणि लोह मिळेनासे होते.

पावसाळ्यात काडी हिरवीची तपकिरी व्हायला हवी. ती पेन्सिलीपेक्षा थोडी जाड, ८ ते १० मिलिमीटर, असावी. अंगठ्याएवढी जाड काडी म्हणजे वाढ जास्त आणि घड कमी. गणपतीपर्यंत काड्या हिरव्याच असतील तर शेंडे मारा, नवी फूट येऊ देऊ नका, आणि ०:०:५० या पालाशाच्या विद्राव्य खताची लिटरला ३ ग्रॅम प्रमाणे आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारणी करा.

फळ छाटणी : किती डोळ्यांवर कापायचे

थंड देशांतले व्हिडिओ बघून लोक ऑक्टोबरात काडी दोन डोळ्यांवर कापतात. काही जातींना ते चालते. आपल्याकडची थॉमसन सीडलेस आणि तिच्यातून निवडलेल्या तास-ए-गणेश, सोनाका यांना अजिबात चालत नाही. सोनाका सोलापूरजवळच्या नान्नजच्या नानासाहेब काळे यांनी निवडलेली, तास-ए-गणेश तासगाव भागातली. या जातींत बुडाचे पहिले तीन-चार डोळे बहुधा वांझ असतात. सबकेन केलेली काडी गाठीच्या वर एक-दोन डोळे ठेवून कापा. सरळ काडी असेल तर सात-आठ डोळ्यांवर.

अंदाज नको, खात्री हवी असेल तर बागायतदार छाटणीआधी प्रयोगशाळेत डोळे तपासून घेतात. सूक्ष्मदर्शकाखाली घड आहे की नाही ते दिसते. जवळ अशी सोय असेल तर चार काड्या घेऊन जरूर जा. घरी करता येण्यासारखे म्हणजे, छाटणीच्या महिनाभर आधी दोन काड्या कापून एकेका डोळ्याचे तुकडे करा, प्रत्येकाला बुडापासूनचा क्रमांक लिहून चिकटवा आणि सावलीत ओल्या वाळूत खोचून ठेवा. जे फुटतील त्यांत पानांसोबत बारीक घड दिसतो किंवा दिसत नाही. कितव्या डोळ्यावर कापायचे ते तुमचीच वेल सांगेल.

वेळ दसरा ते दिवाळी. हस्त-चित्राचा पाऊस उघडल्याशिवाय कात्री लावू नका. छाटणीआधी दहा-पंधरा दिवस पाणी तोडा आणि शेवटच्या आठवड्यात पाने हाताने काढून टाका, म्हणजे डोळे फुगतात. छाटल्यावर काड्या आडव्या बांधा. उभ्या ठेवल्या तर फक्त टोकाचा डोळा फुटतो. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून बागेत हायड्रोजन सायनामाइड लावतात. ते विषारी आहे, अंगाला लागले तर त्वचा भाजते आणि ते हाताळण्याच्या आगेमागे दारू घेणे फार धोक्याचे असते. घरात मुले-माणसे वावरतात तिथे ते आणूच नका.

छाटणीनंतर वेलीपुढे उभे राहा

पंधरा-वीस दिवसांनी जे दिसेल त्यावरून दोष कळतो. फुटी जोरात आल्या, पण सगळीकडे बाळ्याच असतील तर उन्हाळा चुकला. त्या वर्षी पुन्हा छाटू नका. नोव्हेंबर-डिसेंबरात दुसऱ्यांदा छाटलेली वेल फुलोऱ्याच्या वेळी थंडीत सापडते, परभणीकडे तर कधी कधी पारा पाच अंशांच्या खाली उतरतो. पाने राखा, वेलीला अन्न साठवू द्या आणि पाडव्याची वाट बघा.

घड दिसले, मग त्यांची टोके लांबून बाळीसारखी वळू लागली, तर याला घड जिरणे म्हणतात. ढगाळ हवा, जास्त पाणी आणि अशक्त काडी ही याची कारणे. पाणी चार-पाच दिवस तोडा, प्रत्येक काडीवर घड असलेल्या एक-दोन फुटी ठेवून वांझ फुटी काढून टाका. उरलेले घड टिकतात.

डोळे फुगले होते, पण फुटलेच नाहीत, आणि जवळून बघितल्यावर कोरलेले दिसतात? हा उडद्या भुंगेरा. उडदाएवढा, चकचकीत, आणि चाहूल लागली की टपकन खाली पडणारा. सकाळी लवकर खाली जुनी चादर पसरून तारा हलवा आणि पडलेले भुंगे साबणाच्या पाण्यात टाका. खोडाची सुटी साल छाटणीनंतर हाताने काढून जाळली की त्याची लपायची जागा जाते. पिठ्या ढेकूणही तिथेच दडतो.

घड आले आणि फुलोऱ्याआधी तपकिरी होऊन वाळले, पानांवर वर तेलकट पिवळे डाग आणि खाली पांढरी बुरशी दिसली, तर तो केवडा रोग. दिवाळीत अवेळी पाऊस झाला की हा येतोच. छाटणीनंतर लगेच एक टक्का बोर्डो मिश्रण, म्हणजे १० लिटर पाण्यात १०० ग्रॅम मोरचूद आणि १०० ग्रॅम कळीचा चुना, प्लास्टिकच्या बादलीत वेगवेगळे विरघळवून मग एकत्र करून, खोड-ओलांड्यांवर फवारा. फुटी आल्यावर पाणी नेहमी बुडाशी द्या, पाइपने पानांवर मारू नका. भुरी हा दुसरा बुरशीचा रोग, ती मात्र कोरड्या थंड हवेत येते. तिला पाण्यात विरघळणारे गंधक लिटरला २ ग्रॅम पुरते, तेही ऊन उतरल्यावर.

पाने पिवळी आणि शिरा हिरव्या, हे चुनखडीच्या जमिनीत आणि बोअरच्या जड पाण्यावर नेहमीचे आहे. लोह कमी पडते. घड न लागण्याचे ते मुख्य कारण नसते, पण वेल अशक्त होते. पावसाचे गच्चीवरचे पाणी एखादे-दोनदा बुडाशी सोडता आले तर फार बरे.

घड लागल्यावर

एका घडाला पोसायला १२ ते १५ निरोगी पाने लागतात. म्हणून एका काडीवर एकच घड ठेवा. घड बाजरीच्या दाण्याएवढ्या मण्यांचा झाला की आतले दाट मणी बारीक कात्रीने विरळ करा. बाजारातल्यासारखे लांब टपोरे मणी होणार नाहीत. ते जिब्रेलिक ॲसिड या वाढीच्या संजीवकात घड बुडवून केलेले असतात. घरची थॉमसन बारीक राहते, पण पिकू दिली तर गोडीला कमी पडत नाही. बुलबुल आणि साळुंक्या आधी पोचतात, म्हणून मण्यात पाणी भरायला लागले की जाळी टाका किंवा घडांना कागदी पिशव्या बांधा. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये मराठवाड्यात जी गारपीट झाली, तिच्यापुढे जाळीही टिकत नाही, पण किरकोळ गारांना ती आडवी येते.

छाटणीपासून चार महिने झाले की चाखायला सुरुवात करा, साधारण महाशिवरात्रीच्या सुमाराला. द्राक्ष तोडल्यावर पिकत नाही, जेवढे गोड तोडाल तेवढेच राहते. घडाच्या टोकाचा मणी सर्वांत शेवटी पिकतो, तो गोड लागला तरच घड काढा. काढताना देठ कात्रीने कापा, ओढू नका, आणि काम शक्यतो ऊन चढायच्या आत उरका.